उभ्या गाडीतला उजेड

माझी बायको ज्या वॉर्डात वारली, त्याच वॉर्डात मी काही महिन्यांनी परत गेलो. मोठ्या सिस्टरांनी मला लगेच ओळखलं. त्यांना वाटलं, माझं काही सामान राहिलंय.

"काय राहिलं हो पडदेवाले?" त्यांनी विचारलं.

"छत राहिलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची पुढे केली. घरचं माणूस गेल्यावर लोक काहीबाही बोलतात, हे त्यांना नवीन नव्हतं. पण मी काही भ्रमिष्ट झालो नव्हतो. नीट सांगतो.

मी पडदे शिवतो. घरांचे, कचेऱ्यांचे, नाटकांच्या स्टेजचेसुद्धा. तो वॉर्ड बऱ्या न होणाऱ्या माणसांचा आहे. दुखू नये, श्वास लागू नये, अंग स्वच्छ राहावं, एवढं तिथे बघतात आणि मनापासून बघतात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण दिवसरात्र पडून राहिलेल्या माणसाला दिसतं काय, तर छत. माझ्या बायकोच्या खाटेच्या बरोबर वर, छताला, ओलीचा एक पिवळा डाग होता आणि त्याला लागून ट्यूबलाइट. ती एकदा मला म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्यात. आता हे छत तेवढं झाका की."

आम्ही दोघंही हसलो. पुढे तिची तगमग इतकी वाढली की तिला गुंगीचं औषध द्यावं लागलं. ते बरोबरच होतं, तिचे हाल बघवत नव्हते. त्यानंतर ती आणखी थोडे दिवस होती, पण बोलली नाही. मला तिला बरंच काही विचारायचं होतं. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास इथपासून ते माझ्याबरोबर बरं गेलं का तुझं आयुष्य, इथपर्यंत. किल्ल्या नंतर सापडल्या.

वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती. तिच्यात मोडक्या खाटा, सलाइनचे स्टँड आणि गाद्या कोंबून ठेवलेल्या. पडलेल्या माणसाला छताऐवजी दुसरं काही दिसावं, म्हणून कापडावर दिव्यांनी चित्रं पाडायला मी ती खोली मागितली. तिथल्या मुख्य डॉक्टर पन्नाशीच्या बाई आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"खोली घ्या," त्या म्हणाल्या. "पण दुखणं थांबवणं हे औषधाचं काम आहे. तुमच्या दिव्यांनी कुणाचं दुखणं जाईल, असं कुणालाही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि मी बंद करा म्हटलं की बंद."

"लगेच बंद," मी म्हणालो.

मग मी माझ्या भाचीला फोन केला. ती नाटकांची प्रकाशयोजना करते. मोठ्या प्रदर्शनांमध्ये अख्ख्या खोलीत समुद्र उभा करते, जंगल उभं करते, आणि लोक आत शिरून त्यातून फिरतात. चाळिशीची झाली, नावाजलेली आहे. पण लहानपणी माझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायची, त्यामुळे माझ्याशी अजून तशीच बोलते.

"मामा, तू काम थांबवणार होतास ना?"

"थांबवलं की."

"मग हे काय?"

"रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग पाहिजे."

"लोक बाग करतात, मामा."

"माझ्याकडे जमीन नाही. छत आहे," मी म्हणालो. मामीवर तिचा जीव होता. "येते शनिवारी," म्हणाली.

खोली आम्ही रिकामी केली, धुतली. छतापासून तिन्ही भिंतींवर उतरणारं एकसंध पांढरं कापड मी शिवलं. उजेड पडल्यावर शिवणीची रेघ दिसू नये म्हणून दोनदा उसवलं आणि परत शिवलं. भाचीनं कोपऱ्यांत प्रोजेक्टर बसवले. मधोमध खाट ढकलत आणायची, दार लावायचं आणि चित्र सोडायचं. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर, उशाला, पायाशी, सगळीकडे चित्र.

सुरुवातीला आम्ही आमच्याच मनानं चित्रं लावली आणि तोंडावर आपटलो. पहिल्या आल्या त्या एक निवृत्त बाई, शाळेत गणित शिकवायच्या. समुद्र सुरू केला तसं त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "अहो, मला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी तो मागे घ्या." एका आजोबांना आम्ही तारे दाखवले. ते म्हणाले, "एवढी घाई कशाला करता? वर जायला अजून वेळ आहे मला." भाचीनं तारे त्या दिवशीच काढून टाकले. त्यानंतर आम्ही आधी विचारायला लागलो. कुणाला झाडं हवी असत, कुणाला नुसता निळा रंग. एक आजी रोज झाडं बघायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि परत जाताना भाचीचा हात दाबायच्या. आमचं बरं चाललंय असं मला वाटायला लागलं होतं.

मग उस्ताद आले.

उस्ताद ट्रक चालवायचे. उभी हयात लांब पल्ल्याच्या गाड्यांवर काढलेली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सावलीसारख्या खाटेजवळ बसलेल्या असत. औषधांनी उस्तादांचं दुखणं आटोक्यात होतं, पण तगमग जात नव्हती. मधेच उठून बसायचे, चादर फेकायचे, पाय झाडायचे. "गाडी आडवी लागलीये, कुणीतरी काढा ती," असं ओरडायचे. तासाभरानं पुन्हा अगदी शुद्धीवर, आणि मग सिस्टरांची चेष्टा सुरू.

त्यांची एकुलती लेक परदेशात नोकरीला होती. ती रविवारी पोचणार होती. गुरुवारी डॉक्टर खाटेशी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. उस्तादांनी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"बाई, रविवारपर्यंत मला झोपवू नका. पोरगी एवढ्या लांबून येणार, तिला माझं बोलणं ऐकायला मिळालं पाहिजे. घोरणं नाही."

"तुमची तगमग वाढत चाललीये," डॉक्टर म्हणाल्या. "मी थांबेन. पण तुमचे हाल होताना बघत बसणार नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत काही फरक पडला नाही, तर औषध सुरू करावं लागेल. मग तुम्ही जागे असाल, बोलाल, याची खात्री मी देऊ शकत नाही."

"कबूल," उस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे मान वळवली. "काय पडदेवाले, तुमच्या त्या खोलीत माझ्यासाठी काही आहे का?"

"बघतो," मी म्हणालो. पण मनात तेव्हाच पक्कं झालं होतं. हा माणूस रविवारी आपल्या लेकीशी बोलणार. मग त्यासाठी मला काय वाट्टेल ते करावं लागलं तरी चालेल.

बाहेर आल्यावर मी भाचीला सांगितलं, "विचारायची गरज नाही. ड्रायव्हर आहे, रस्ता देऊ."

"तेच डोक्यात होतं माझ्या," ती म्हणाली.

उस्तादांचा एक जोडीदार होता. वर्षानुवर्षं दोघं एकाच ट्रकवर आलटून पालटून चालवायचे आणि आता तो एकटाच चालवत होता. भाचीनं त्याला गाठलं, काचेमागे कॅमेरा लावला आणि घाटाच्या रस्त्याचं चित्रण करून आणलं. वळणं, दरी, समोरून येणाऱ्या गाड्या, इंजिनाचा आवाज. मला दाखवलं तेव्हा मीसुद्धा खुर्चीचा हात घट्ट धरला. इतकं खरं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी उस्तादांना खोलीत आणलं. रस्ता सुरू झाला आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "अगं, हा तर आपला घाट!" ते वहिनींना म्हणाले. उजवा हात चादरीवर सरकायला लागला, गिअर टाकल्यासारखा. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. भाचीनं माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

मग उतार लागला.

उस्तादांचा पाय चादरीखाली ताठ झाला. एकदा दाबला, दोनदा दाबला. वळण अंगावर आलं, गाडी त्याच वेगानं वळली. "ब्रेक," ते म्हणाले. मग मोठ्यांदा, "ब्रेक लागत नाहीये! बाजूला व्हा! अरे, बाजूला व्हा!" ते उठायला गेले, सलाइनची नळी ताणली गेली, आणि त्यांना उलटी झाली. वहिनींच्या अंगावर, चादरीवर, माझ्या पांढऱ्या कापडावर. भाची बटणाकडे धावली. सगळं बंद झालं तरी ते ओरडतच होते.

मोठ्या सिस्टर आल्या, डॉक्टर आल्या. उस्तादांना शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं, आणि त्या दिवशीचा बराच वेळ ते अर्धवट गुंगीत होते. म्हणजे जे टाळायचं होतं, ते आम्हीच ओढवून आणलं.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसून ओल्या फडक्यानं पदर पुसत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं नाही.

"माणसाला खाटेला खिळवून घाटात सोडलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

भाची प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायला लागली होती. मी तिला म्हटलं, "आत्ता नको."

"मामा, मी हे लोकांना थक्क करायला शिकले. इथे कुणाला थक्क व्हायचं नाहीये. मला हे कळायला हवं होतं."

"कळलं ना आता? मग वायर खाली ठेव."

डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "या औषधांवर असलेल्या माणसाला हलतं चित्र सोसत नाही, मळमळतं. सुरू करायच्या आधी मला विचारायचं."

"चुकलं," मी म्हणालो.

"आणि दुसरं." त्यांनी खोलीकडे बोट केलं. "नुसत्या मळमळीनं माणूस असा घाबरत नाही. त्यांना चालती गाडी दिलीत आणि थांबवायला काही दिलं नाहीत. इथे पडलेल्या माणसाच्या हातात तसंही काही थांबवणं नसतं. तेच तुम्ही मोठं करून भिंतीवर दाखवलंत."

हे ऐकल्यावर मी एकदम म्हणालो, "उद्या परत एकदा करू द्या."

मोठ्या सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही ऐकताय काय आणि बोलताय काय!"

"शनिवार संध्याकाळ मी त्यांना सांगितलीये," डॉक्टर म्हणाल्या. "तो वेळ त्यांचा आहे, तुमचा नाही. ते शुद्धीवर आले, तयार झाले, त्यांच्या पत्नी तयार झाल्या, तरच. आणि मी खोलीत असेन."

मी परत वहिनींकडे गेलो. या वेळी शेजारी बसलो. "वहिनी, रागावलात ते बरोबर आहे. फक्त एक सांगा. घरी असताना उस्तादांना झोप कशी लागायची?"

"घरी?" त्या कडवट हसल्या. "घरी ते झोपतच नव्हते. पंख्याकडे बघत पडायचे. दोन दिवस झाले की बॅग भरून तयार. झोप लागायची ती त्यांच्या त्या गाडीत. मी म्हणायचे, बायको मी नव्हेच, ती खरी. मी सवत."

जोडीदाराचा ट्रक त्या दुपारी शहराबाहेर उभा होता, लांबच्या गाड्या विश्रांतीला थांबतात त्या मोकळ्या मैदानात. मी आणि भाची तिकडे गेलो. जोडीदार गाडीच्या सावलीत कांदा कापत बसला होता. सकाळी काय झालं ते मी त्याला सांगितलं. सुरी थांबली.

"उस्तादाला दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसवलंत?" तो म्हणाला. "माझ्या शेजारी बसूनसुद्धा त्यानं कधी पाय सैल सोडला नाही. मी ब्रेक लावायच्या आधी त्याचा पाय खाली."

"आणि झोपायचे कसे?"

"वर चढा, दाखवतो."

सीटच्या मागे एक माणूस जेमतेम मावेल अशी फळी असते, तिच्यावर पातळ गादी. मी आडवा झालो. माझे गुडघे केबिनला लागले. जोडीदारानं सीट आणि फळी यांच्यामधला पडदा ओढला. विटलेल्या केशरी कापडाचा, इतका धुतलेला की मधे जाळी झालेली.

"आधी हँडब्रेक," जोडीदार खालून म्हणाला. "गाडी सपाटीवर असू दे, नाहीतर चाकांना दगड लावलेले असू दे, हँडब्रेक ओढल्याचा आवाज आल्याशिवाय उस्ताद फळीवर पाय ठेवायचा नाही. मी ओढलेला असला तर सोडायचा, आणि आपल्या हातानं परत ओढायचा. मग पडदा. मग दोन मिनिटांत घोरायला सुरुवात."

मी पडून राहिलो. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आत येत होतं, डोळ्यांना टोचत नव्हतं. मग रस्त्यावरून एक गाडी गेली. तिच्या काचेवरचं ऊन केबिनच्या छतावर आलं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकलं आणि गेलं. केबिन अगदी थोडी हलली. मग परत सगळं स्थिर. थोड्या वेळानं दुसरी गाडी. मी आयुष्यभर पडद्यांमागे उजेड बघितला, पण असा बघितला नव्हता. सगळे कुठेतरी चाललेत आणि आपण थांबलोय, आणि थांबलोय ते आपणच ठरवून.

"अगं, ये वर," मी म्हटलं. मी उतरलो, ती चढली. बराच वेळ तिचा आवाजच नाही. मला वाटलं, झोपली.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "यात चित्र नाहीच आहे. नुसता उजेड आहे."

"तुला जमेल?"

"हे अवघड आहे," ती म्हणाली. "समुद्र सोपा असतो."

ती कॅमेरा लावून तिथेच थांबली. मी जोडीदाराकडे पडदा मागितला. नव्या कापडातून तसा उजेड येणार नव्हता. त्यानं एका क्षणात कड्या सोडवल्या आणि पडदा माझ्या खांद्यावर टाकला. "न्या. मी वर्तमानपत्र लावतो." शनिवारी सकाळी तो स्वतःच हॉस्पिटलच्या दारात आला, हातात ट्रकच्या हँडब्रेकचा जुना दांडा. ओळखीच्या गॅरेजमधून उचलला होता. भाचीनं तो एका लाकडी ठोकळ्यावर बसवून खाटेच्या बाजूला पक्का केला आणि त्याची वायर प्रोजेक्टरला जोडली. दांडा ओढला की सगळं थांबणार. मी तो तेल घालून घालून हलका केला.

मोठ्या सिस्टरांनी ओढून बघितला. "अहो, हा तर माझ्या करंगळीनं येतोय."

"त्यांच्या करंगळीनं आला पाहिजे," मी म्हणालो. परत तेल घातलं.

दुपारी उस्ताद शुद्धीवर होते. वहिनी माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "परत घाट नाही ना?"

"घाट नाही. सपाट मैदान. गाडी माणसाच्या चालीनं आत शिरेल. आणि ब्रेक त्यांच्याच हातात."

"आणि मला वाटलं नको, तर?"

"तर तुम्ही हात वर करा. मी बटणावर बसलोय."

उस्ताद हे ऐकत होते. "बटणावर गाडी थांबवतात होय?" ते पुटपुटले. "खेळणं आहे का ते? चला."

डॉक्टरांनी आधी मळमळीचं औषध दिलं आणि थोडा वेळ जाऊ दिला. मग खाट खोलीत आणली. या वेळी खाटेभोवती मी केबिनएवढीच जागा ठेवून कापड लावलं होतं आणि पायाशी तो केशरी पडदा, दोन्ही बाजूंना सारलेला. भाचीनं सुरू केलं. मैदान अंधूक, कडा पुसलेल्या, गाडी हळूहळू पुढे. इंजिनाची बारीक घरघर.

उस्तादांचा पाय ताठ झाला. माझं बोट बटणावर होतं. वहिनींचा हात अर्धा वर आला.

"ब्रेक तुमच्या उजवीकडे आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

त्यांचा हात चादरीवरून सरकत गेला, चाचपडला, दांड्याला लागला. बोटं वळली. दांडा हलेना. मी एवढं तेल घातलं होतं, तरी हलेना. वहिनी पुढे झाल्या आणि त्यांच्या हातावर हात ठेवायला गेल्या.

"हात काढ," उस्ताद म्हणाले.

वहिनींनी हात मागे घेतला. उस्तादांनी डोळे मिटले, ओठ आवळले आणि दांडा ओढला. कर्रकन आवाज झाला. गाडी थांबली. घरघर बंद. कापडावर नुसतं दुपारचं ऊन उरलं.

उस्तादांनी एक लांब श्वास सोडला. पाय सैल पडला. "लागली गाडी," ते म्हणाले. मग, "पडदा ओढ की."

वहिनींनी पडदा ओढला. आत केशरी उजेड झाला. बाहेरून एक गाडी गेल्यासारखा एक पट्टा छतावरून सरकला आणि गेला. उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. दुसरा पट्टा आला तोवर डोळे मिटले होते. थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं.

डॉक्टरांनी जवळ जाऊन नाडी बघितली, श्वास बघितला. "झोपलेत," त्या म्हणाल्या. "साधी झोप आहे."

"हे घोरणं," वहिनी म्हणाल्या, "याच्यासाठी मी आयुष्यभर भांडले यांच्याशी." आणि खाली बसून रडायला लागल्या.

खोटं सांगत नाही, यानं सगळं ठीक झालं असं नाही. संध्याकाळी जाग आल्यावर तगमग परत सुरू झाली. पण आता ते दांडा मागायचे. भाचीनं सोय केली होती, ओढला की थांबायचं, सोडला की परत हळूच सुरू. ते स्वतः सोडायचे, स्वतः ओढायचे. कधी लगेच निवळायचे, कधी वेळ लागायचा. दुखण्याची औषधं वेळच्या वेळी चालूच होती. डॉक्टर संध्याकाळी आल्या, दारातून बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "गुंगीचं आज सुरू करत नाही."

रविवारी लेक आली. विमान उशिरा उतरलं होतं. ती बॅग ओढत, केस विस्कटलेले, वॉर्डातून जवळजवळ पळतच आली आणि खोलीच्या दारात थबकली. तिला हॉस्पिटलची खोली अपेक्षित होती. समोर केबिन.

"ही कसली वेळ?" आतून उस्तादांचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "दुपार होत आली."

"बाबा, विमान लेट झालं."

"ड्रायव्हर बदलायला सांग त्यांना."

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. वहिनींनी तिला जवळ घेतलं. मग तिला खाटेशी बसवून त्या बाहेर आल्या आणि दार लोटून घेतलं. "आता त्यांचं त्यांना बोलू दे," म्हणाल्या.

मी आणि भाची बाहेरच्या बाकावर बसून होतो, मी दाराकडच्या टोकाला. प्रोजेक्टर तापला तर बघायला कुणीतरी लागणार होतं, आणि मी तिथून हलणार नव्हतो. सिस्टर मधून मधून औषध घेऊन आत जायच्या. आतून कधी बोलणं ऐकू यायचं, कधी नुसती शांतता, एकदा तर दोघांचं चक्क भांडण. मधे उस्तादांना डुलकी लागली, मग परत बोलणं सुरू.

संध्याकाळी त्यांना श्वास लागायला लागला. डॉक्टर आल्या. आम्ही दारापर्यंत गेलो. उस्तादांचा चेहरा ओढलेला होता, कपाळावर घाम. पण नजर जागेवर होती.

"बाई," ते म्हणाले, "आता द्या तुमचं औषध."

"बाबा, अजून थोडा वेळ," लेक म्हणाली.

"तू विमानात झोपली नाहीस. डोळे बघ तुझे. तूही झोप आता."

डॉक्टर खाली वाकल्या. "तुम्हाला नक्की हवंय? बोलायचं ते सगळं बोलून झालं?"

उस्तादांनी थोडा विचार केला. "सगळं कुठं होतंय," ते म्हणाले. "पण बक्कळ झालं."

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. वहिनी एका बाजूला बसल्या, लेक दुसऱ्या बाजूला. आम्ही बाकावर परत आलो.

"मामा, तू दाराजवळ होतास. काय बोलत होते एवढं?"

"आरशांबद्दल."

"आरशांबद्दल?"

"ती तिकडे गाडी चालवायला शिकलीये. आणि मधल्या आरशात बघतच नाही म्हणे."

"मग?"

"मग काय. ते तिला बाजूचे आरसे कसे लावायचे ते सांगत होते. ती म्हणाली, तिकडे आरसे आपोआप लागतात. त्यावरून भांडले."

"आणि आणखी काय?"

"एवढंच," मी म्हणालो. "दुपारभर."